ठिबकच्या जोडणीचं चित्र नेमकं काय सांगतं?

ठिबकच्या संचासोबत येणारा जोडणीचा कागद तुम्ही पाहिला असेल. अर्धापूरची केळी असो की लातूरकडचा ऊस, बऱ्याचदा एकाच चित्रात अख्खं शेत असतं: पंप, फिल्टर, व्हेंच्युरी, सबमेन, लॅटरल, आणि प्रत्येकाला एक आकडा. आकड्यांचे अर्थ मागच्या पानावर. भाग ओळखायला हे चित्र ठीक आहे. जोडायला नाही.

हा फरक २००३ च्या एका संशोधनात छान दिसतो. मनीष अग्रवाला, बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी लोकांना टीव्हीचा स्टँड नुसता खोक्यावरचा फोटो बघून जोडायला दिला. मग सांगितलं, आता दुसऱ्यासाठी सूचना तयार करा. त्यातून दिसलं असं की, लोकांना टप्प्याटप्प्यानं चित्रं हवी असतात. एका टप्प्यात एकच महत्त्वाचा भाग. आणि तो बसल्यावर कसा दिसतो एवढंच नको, कुठून येऊन कुठे बसतो हे बाणानं दाखवलेलं हवं.

आता व्हेंच्युरी घ्या. ती मुख्य पाइपाला समांतर बसते, आणि तिच्या दोन जोडांच्या मध्ये मुख्य पाइपावर एक कॉक असतो. तो थोडा बंद केला की दाबात फरक पडतो, तेव्हा कुठे खताचं पाणी ओढलं जातं. कॉक पूर्ण उघडा राहिला तर पाणी सरळ पुढे निघून जातं. बादलीतलं खत बादलीतच! चित्रात कॉक म्हणजे नुसता एक गोल असेल तर हे कळणार कसं? मूठ अर्धी वळलेली काढा. व्हेंच्युरीवरचा बाण आणि पाण्याचा बाण एकाच दिशेला दिसू द्या. ‘कॉक’ हा शब्दही कॉकशेजारीच लिहा, म्हणजे चिखलाच्या हातानं पान उलटायला नको.

पण सगळंच चित्रात मावत नाही. एंड कॅप लावण्याआधी लॅटरलमधून पाणी सोडून कचरा काढायचा असतो, नाहीतर ड्रिपर तुंबतात आणि ओळीच्या टोकाची झाडं कोरडी राहतात. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला याची किंमत वेगळी सांगायला नको. आता ‘थांबा’ याचं चित्र काय काढणार? इथे मी तरी सरळ एक ओळ लिहीन: ‘पाणी नितळ येईपर्यंत टोपण लावू नका.’ आणि ती टोपणाच्या चित्राच्या आधी छापीन, खाली बारीक टीप म्हणून नाही.