लाकूड व लोखंड यांच्या धुळीपासून श्वसनरक्षण : साधनाची निवड

‘मास्क’ हा शब्द २०२० सालच्या महासाथीनंतर मराठी खेड्यापाड्यांत घरोघर रूढ झाला. तथापि या एका शब्दाखाली परस्परांहून अगदी भिन्न अशा तीन वस्तू येतात. पहिली, नाकातोंडावर गुंडाळलेला रुमाल अथवा उपरणे. दुसरी, शस्त्रक्रियेच्या वेळी वैद्य बांधतात ती सैल पट्टी. आणि तिसरी, चेहऱ्याला सर्व बाजूंनी घट्ट बसून श्वासाची हवा गाळून देणारे साधन. नाव एक असले की वस्तूही एकच भासते, आणि या भासाची किंमत कारागिराच्या फुफ्फुसांना मोजावी लागते. प्रस्तुत लेखात तिसऱ्या वस्तूस ‘श्वसनरक्षक’ असे म्हटले असून, सुतारकाम आणि लोखंड घासण्याचे काम यांसाठी तिची निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, याचा विचार केला आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या मोठ्या गावांत सुतार आणि लोहार हे शेतीव्यवसायाचे पूर्वापार आधार होत. तिफण, वखर, बैलगाडी ही त्यांच्या हातची कामे. वाकस, पटाशी, रंधा व कानस या हातहत्यारांनी केलेल्या कामातून मुख्यतः ढलप्या, भुसा आणि जाड कीस निघे. विजेवर चालणारे रंधे, घासकागदाची यंत्रे आणि वेगाने फिरणाऱ्या चकत्या आल्यावर कामाचा वेग वाढला. पण त्याबरोबर धुळीचे स्वरूपही पालटले. कण बारीक झाले, आणि कण जितका बारीक तितका तो अधिक वेळ हवेत राहतो व शरीरात अधिक खोल जातो.

मराठीत धुळीविषयीचे शब्द पुष्कळ आहेत. खाली पडलेली ती धूळ, उडालेला तो धुरळा, वाटेवर पायांखाली येणारा तो फुफाटा. लाकडाचा भुसा, लोखंडाचा कीस. हे सर्व शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या पदार्थाचे आहेत. खरा धोका ज्या कणांपासून संभवतो ते मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, आणि म्हणून त्यांना लोकभाषेत नावही नाही. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. पाण्याइतक्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून सहा-सात सेकंदांत खाली येतो. ५ मायक्रॉनच्या कणास त्याच अंतरासाठी सुमारे अर्धा तास लागतो, तर १ मायक्रॉनच्या कणास अनेक तास. यंत्र बंद केल्यावर ‘धुरळा बसला’ असे म्हणून तोंडावरील साधन काढणारा कारागीर याच अदृश्य कणांमध्ये श्वास घेत असतो.

मोठे कण नाकात व घशात अडकतात. सुमारे ४ मायक्रॉन व त्याहून लहान कण फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. परंतु नाकात अडकलेली धूळ निरुपद्रवी असते, असे मात्र नव्हे. इंग्लंडमधील हाय विकम परिसरातील लाकडी सामान बनविणाऱ्या कामगारांत नाकाच्या पोकळीचा कर्करोग असाधारण प्रमाणात आढळतो, हे १९६० नंतरच्या दशकातील संशोधनाने दाखवून दिले. पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. साग, शिसव, बाभूळ ही आपल्याकडील नेहमीची झाडे रुंद पानांच्या, म्हणजे कठीण लाकडाच्या, वर्गात मोडतात, आणि वरील निष्कर्षाचा मुख्य आधार त्याच वर्गाची धूळ हा आहे. सागाच्या धुळीने काहींच्या त्वचेस खाज व पुरळही येते.

लोखंड घासण्याच्या कामाचा इतिहास याहून जुना आहे. शेफील्ड येथे वालुकाश्माच्या चाकावर सुऱ्यांना धार लावणारे कारागीर एकोणिसाव्या शतकात दगडातील सिलिकेच्या धुळीने अकाली मरत. हल्लीच्या चकत्या बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या असतात. त्यामुळे सिलिकेचे भय कमी झाले आहे. तथापि घासला जाणारा धातू कोणता, हा प्रश्न उरतोच. साध्या लोखंडाच्या धुळीपेक्षा क्रोमियम व निकेल असलेल्या स्टेनलेस पोलादाची धूळ अधिक घातक होय. जुन्या रंगाच्या थरात शिसे असू शकते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापला म्हणजे निघणाऱ्या धुराने कित्येकदा त्याच दिवशी थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंगचा धूर धुळीहूनही सूक्ष्म असतो, आणि २०१७ मध्ये त्याचीही गणना कर्करोगकारक पदार्थांत झाली.

आता साधनाकडे वळू. बैलाच्या तोंडाला बांधलेले मुसके पिकास तोंड लावू देत नाही, पण हवेस अडवीत नाही. रुमालाची गत बहुतांशी अशीच आहे : भुसा अडतो, सूक्ष्म कण आत जातात. शस्त्रक्रियेच्या पट्टीचे कापड बरे असले तरी तिच्या कडा मोकळ्या असतात, आणि हवा नेहमी कमी अडथळ्याच्या वाटेने जाते. यावरून निवडीचे पहिले तत्त्व निघते : गाळणी कितीही उत्तम असली, तरी कड घट्ट बसत नसेल तर ती व्यर्थ होय.

दुसरे तत्त्व प्रतीचे. भारतीय मानक ९४७३ (२००२) यात गाळणीयुक्त अर्धमुखवट्यांच्या एफ. एफ. पी. १, २ व ३ अशा तीन प्रती आहेत. युरोपीय मानकानुसार त्यांची गाळण्याची क्षमता अनुक्रमे किमान ८०, ९४ व ९९ टक्के असावी लागते. अमेरिकी ‘एन-९५’ किमान ९५ टक्के कण अडविते, म्हणजे ते दुसऱ्या प्रतीच्या जवळचे आहे. त्यातील ‘एन’ या अक्षराचा अर्थ, हवेत तेलाचे तुषार नसतील तेथेच ते वापरावे, असा आहे.

करवतकाम, रंधाकाम आणि साधे लोखंड घासणे यांसाठी दुसऱ्या प्रतीचे साधन ही किमान मर्यादा समजावी. यंत्राने लाकूड दीर्घकाळ घासणे, स्टेनलेस पोलाद अथवा जुना रंग असलेले लोखंड घासणे यांसाठी तिसरी प्रत हवी. दररोज अनेक तास काम करणाऱ्यास बदलत्या गाळण्यांचा रबरी अर्धमुखवटा अधिक सोयीचा पडतो : तो चेहऱ्यावर नीट बसतो, धुता येतो, आणि पुढे केवळ गाळणीचा खर्च उरतो. ठिणग्या उडतात तेथे कापडी मुखवट्यास भोक पडण्याचा संभव असतो, म्हणूनही तो श्रेयस्कर.

येथे एक मर्यादा ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कणांची गाळणी वायू अडवीत नाही. पॉलिशमधील द्रावकांची वाफ किंवा प्लायवूडच्या चिकणद्रव्यातून निघणारे फॉर्मल्डिहाइड यांसाठी त्या त्या वायूकरिता बनविलेली वेगळी गाळणी लागते.

वापराची पद्धती निवडीइतकीच महत्त्वाची आहे. साधन चढविल्यावर दोन्ही तळहातांनी झाकून जोराने उच्छ्वास सोडावा. कडेने हवा निसटत असेल तर नाकावरील पट्टी व बंद पुन्हा बसवावेत. दाढी वाढलेली असल्यास कड बसत नाही. एक-दोन दिवसांचे खुंटही अडथळा आणतात. श्वास घेणे जड वाटू लागले की गाळणी बदलावी. ती झटकू नये, हवेच्या झोताने साफ करू नये. काम संपल्यावर साधन खुंटीला न टांगता झाकणाच्या डब्यात ठेवावे.

श्वसनरक्षक हा मात्र शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे. यंत्रालाच धूळ ओढून घेणारी नळी जोडणे, काम उघड्यावर वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने वारा येईल असे मांडणे, कोरड्या झाडूऐवजी ओलसर पुसणे, हे उपाय आधी योजावेत. लाकडाचा भुसा आणि लोखंडाच्या ठिणग्या एकाच नळीत कदापि जाऊ देऊ नयेत. त्यातून आग लागते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने धूळ उगमापाशीच ओढून घेण्याचे कर्तव्य कारखानदारावर घातले होते. पण यंत्रशक्ती वापरणाऱ्या स्थळांपैकी किमान दहा कामगार असलेल्या स्थळांनाच तो अधिनियम मूळ स्वरूपात लागू होता; बाप, लेक आणि एखादा मदतनीस अशा दुकानाला त्याची छाया लाभली नाही. अशा ठिकाणी कारागिराचे ज्ञान हेच त्याचे संरक्षण.

म्हणूनच शब्दाचा प्रश्न येथे गौण राहत नाही. दुकानात जाऊन ‘मास्क द्या’ असे म्हणणाऱ्याच्या हाती तिन्हींपैकी कोणतीही वस्तू पडू शकते. त्याने साधनावर छापलेला मानकाचा क्रमांक व प्रत वाचून मागणी केली, आणि ग्राहक व दुकानदार या दोघांच्या बोलण्यात रुमाल, पट्टी व श्वसनरक्षक हे तीन शब्द वेगळे राहिले, तर योग्य वस्तू योग्य चेहऱ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता पुष्कळ वाढेल.