कोऱ्या पाटीचा हट्ट

हातातलं यंत्र : लेखांक ११

वर्षातून एकदा तरी ती सूचना येतेच. नवं अँड्रॉइड किंवा नवं आयओएस आलं आहे, दोन-तीन जीबीचं आहे, वाय-फाय चालू करा, चार्जर लावा. सूचनेपाठोपाठ सल्लाही येतो. कधी भाच्याकडून, कधी ऑफिसातल्या ‘कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या’ सहकाऱ्याकडून, नाहीतर कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून : “अपडेट मारायच्या आधी फोन एकदा फॉरमॅट मारून घ्या. मग बघा कसा पळतो.”

या लेखमालेत मी सहसा दोन्ही बाजू मांडतो आणि निवड वाचकांवर सोडतो. आज तसं करणार नाही. मोठ्या अपडेटच्या आधी फॅक्टरी रीसेट, म्हणजेच हे ‘फॉरमॅट मारणं’, करू नका. करायचाच असेल तर अपडेटनंतर करा, आणि तोही कारण असेल तरच. मात्र हा सल्ला देणारी माणसं काही वेडी नाहीत. त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त तो दुसऱ्या यंत्राचा आहे.

ज्यांनी विंडोज ९८ किंवा एक्सपीवर दिवस काढले त्यांना आठवत असेल. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला पीसी, सी ड्राइव्हवर विंडोज, डी ड्राइव्हवर गाणी, फोटो आणि पिक्चर. वर्ष-दीड वर्षात मशीन रखडायला लागायचं, आणि त्याला कारणही होतं. त्या विंडोजमध्ये कुठलंही सॉफ्टवेअर आपल्या फायली थेट विंडोजच्याच फोल्डरमध्ये नेऊन टाकायचं, रजिस्ट्रीत हव्या तशा नोंदी करायचं, आणि काढून टाकलं तरी त्यातलं निम्मं मागे ठेवून जायचं. जुन्या विंडोजवर नवी चढवली की हा सगळा गाळ नव्यात उतरायचा. म्हणून जाणकार माणूस आधी सी ड्राइव्ह साफ करायचा आणि मग सीडी घालून कोरी विंडोज टाकायचा. तेव्हा हे अगदी बरोबर होतं.

नोकियाच्या सिम्बियन फोनांवर तर निवडीचा प्रश्नच नव्हता. सुरुवातीच्या मॉडेलांवर केबल लावून पीसीवरून सॉफ्टवेअर अपडेट केलं की फोनमधलं सगळं पुसलंच जायचं. डेटा जपून अपडेट करायची सोय पुढे आली.

त्यानंतर अँड्रॉइडच्या पहिल्या काही वर्षांत हौशी मंडळींची एक पिढी तयार झाली. कंपनीचं अँड्रॉइड काढून त्या जागी सायनोजेनमॉडसारखी दुसरी आवृत्ती, म्हणजे ‘कस्टम रॉम’, टाकायची. त्यांच्यातला पहिला नियम होता वाइप : आधी सगळं पुसा, मग रॉम फ्लॅश करा. न पुसता टाकलात तर त्याला ‘डर्टी फ्लॅश’ म्हणायचे, आणि मग कुठलीही तक्रार केलीत तरी उत्तर ठरलेलं, “आधी क्लीन फ्लॅश करून ये.” यातही तथ्य होतं. एका कंपनीच्या अँड्रॉइडने साठवलेली सेटिंग्ज दुसऱ्याच मंडळींनी बांधलेल्या अँड्रॉइडला वाचता येतीलच असं नव्हतं. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या ज्या मित्राला आपण मोबाइलचं विचारतो, तो बहुधा याच शाळेतला विद्यार्थी असतो.

पण कंपनीने आपल्याच फोनसाठी पाठवलेलं अपडेट म्हणजे रॉम बदलणं नव्हे.

फोनची साठवण आतून कप्प्यांत वाटलेली असते. एका कप्प्यात अँड्रॉइड स्वतः राहतं. दुसऱ्या कप्प्यात तुम्ही राहता : तुमची ॲप्स, फोटो, मेसेज, सेटिंग्ज. पहिल्या कप्प्यात लिहायची मुभा कुठल्याही ॲपला नसते, मग ते कितीही आगाऊ असो. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये या कप्प्यातला प्रत्येक तुकडा तपासून घेण्याची सोय आली आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ती सक्तीची झाली. तिथे काही बिघडलेलं सापडलं तर फोन तो भाग वापरायलाच नकार देतो. या पद्धतीत अपडेट पुरं झालं की तुमच्या तीन वर्षं वापरलेल्या फोनमधला सिस्टिमचा कप्पा आणि त्याच मॉडेलच्या खोक्यातून आत्ता काढलेल्या फोनमधला तो कप्पा तंतोतंत सारखा होतो. विंडोजचा तो गाळ इथे साचायला जागाच नाही.

फॅक्टरी रीसेट पुसतो तो फक्त दुसरा कप्पा. पहिल्याला तो हातही लावत नाही. म्हणूनच अपडेट आवडलं नाही म्हणून रीसेट मारणाऱ्यांची निराशा होते : जुनं अँड्रॉइड परत येत नाही, नवंच अँड्रॉइड रिकामं होऊन समोर येतं. सोसायटीची लिफ्ट बदलायची म्हणून कोणी आपल्या घरातलं सामान ट्रकमध्ये भरत नाही, तसंच हे आहे. आयफोनमध्येही सिस्टिमचा भाग वेगळा आणि कंपनीच्या डिजिटल सहीने बंद केलेला असतो.

२०१६ च्या पहिल्या पिक्सेलपासून आणखी एक सुधारणा आली. सिस्टिमच्या दोन प्रती ठेवायच्या. फोन एका प्रतीवर चालू असताना अपडेट दुसरीवर चढतं, आपण फोन बंद-चालू करतो तेव्हा फोन नव्या प्रतीवर उडी मारतो, आणि ती सुरूच झाली नाही तर मुकाट्याने जुनीवर परततो. अर्ध्यात वीज गेली, फोनचा दगड झाला, ही भीती यामुळे बरीच कमी झाली आहे.

आता रीसेटवाल्यांच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलतो. दुसऱ्या कप्प्यातला तुमचा डेटा जुन्या आवृत्तीने लिहिलेला असतो आणि तो नव्या आवृत्तीला वाचावा लागतो. कॉन्टॅक्ट्स, सेटिंग्ज, मेसेज यांचे डेटाबेस अपडेटनंतर पहिल्यांदा फोन सुरू होताना नव्या साच्यात बदलून घेतले जातात. हे काम करणारा कोड कंपनीने लिहिलेला आणि तपासलेला असतो, पण लाखो फोनांतल्या नाना तऱ्हांपैकी एखादी त्याच्या नजरेतून सुटू शकते. मग अलार्म वाजत नाही, ब्लूटूथ दर पाच मिनिटांनी सुटतं, एखादं जुनं ॲप उघडताक्षणी बंद पडतं. असं झालं तर रीसेटने गुण येतो, हे खरं आहे.

पण मग तो अपडेटच्या आधी कशाला? आधी रीसेट करून, जुन्या आवृत्तीवर सगळी ॲप्स पुन्हा बसवून, मग अपडेट केलंत तर तो डेटा शेवटी जुन्यातून नव्यात बदलूनच घ्यावा लागतो. ज्या धोक्यापासून पळत होतो तो तिथेच उभा असतो. नव्या आवृत्तीची कोरी सुरुवात हवी असेल तर ती नवी आवृत्ती चढल्यानंतरच मिळते. आणि रीसेटनंतर बॅकअपमधून सगळंच्या सगळं परत ओतलंत, तर बिघडलेलं सेटिंगही त्यासोबत परत येऊ शकतं.

फोन रीसेटनंतर ‘पळतो’ हेही खोटं नाही. ठासून भरलेली साठवण मोकळी होते, मागे चालणारी पन्नासेक ॲप्स गेलेली असतात. दोन आठवड्यांनी ती सगळी परत आली की फोनही मूळपदावर येतो. तोच वेग न वापरलेली ॲप्स काढून आणि आठ-दहा जीबी जागा रिकामी करूनही मिळतो. तरी समाधान कोऱ्या फोनचंच जास्त होतं, त्याला इलाज नाही.

याची किंमत मात्र कोणी आधी सांगत नाही.

गुगलचा बॅकअप चालू आहे, म्हणून निर्धास्त असलेल्यांनी एक गोष्ट करून पाहावी. फोनमधलं डाउनलोड्सचं फोल्डर उघडावं. सातबाराचा उतारा, विम्याच्या पावत्या, मुलीचं हॉलतिकीट, रक्ततपासणीचा रिपोर्ट, लग्नपत्रिकांच्या पीडीएफ. यातलं काहीही त्या बॅकअपमध्ये जात नाही. साउंड रेकॉर्डरमध्ये टिपलेला आजोबांचा आवाज आणि कॉल रेकॉर्डिंग यांचंही बहुधा तेच. फोटोंचा बॅकअप चालू असला तरी तो कॅमेऱ्याच्या फोटोंचा असतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचं फोल्डर वेगळं चालू करावं लागतं. कॉन्टॅक्ट्स गुगल खात्यात आहेत की काही नंबर नुसते ‘फोन’मध्ये सेव्ह झालेत, हेही बघावं. एकाच माणसाच्या यादीत दोन्ही प्रकार सुखाने नांदत असतात.

व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा. अँड्रॉइडवर तो २०२४ पासून गुगल खात्याच्या १५ जीबी मोफत जागेत मोजला जातो. खातं भरलं की बॅकअप थांबतो आणि आपल्याला महिनोन् महिने पत्ता नसतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’ आणि त्यात ‘चॅट बॅकअप’ उघडा, शेवटच्या बॅकअपची तारीख तिथे लिहिलेली असते. ती गेल्या दिवाळीची निघाली तर रीसेटचा विषय तिथेच संपवा.

मग येतो पासवर्ड. २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून गुगलने चोरांसाठी एक अडसर घातला आहे : बटणं दाबून रिकव्हरीतून फोन रीसेट केला तर आधीचं गुगल खातं किंवा आधीचा स्क्रीन लॉक दिल्याशिवाय फोन पुढे सरकत नाही. चोरासाठी उत्तम. पण आपल्याकडे कित्येकांचं जीमेल खातं फोन घेताना दुकानातल्या मुलाने उभ्या उभ्या काढून दिलेलं असतं. पासवर्ड बिलाच्या मागे लिहिलेला, बिल खोक्यात, खोकं माळ्यावर किंवा रद्दीत. खातं परत मिळवायला दिलेला नंबर दोन सिमकार्डांपूर्वीचा. अशा घरी रीसेट म्हणजे मालकालाच घराबाहेर काढणं. सेटिंग्जमधून शिस्तीत रीसेट केला तरी बॅकअप परत आणायला त्याच खात्याचा पासवर्ड लागतो, आणि बहुतेकदा जुन्या फोनचा पिनही.

यूपीआय ॲपला रीसेट केलेला फोन नवाच वाटतो. पुन्हा नोंदणी करावी लागते, त्यासाठी बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि त्यावरून एसएमएस बाहेर जायला हवा. रिचार्ज संपलेला असला की गाडी तिथेच अडते. नोंदणी झाली तरी पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांपर्यंतच व्यवहार होतात, तेव्हा घरभाड्याच्या तारखेला हा उद्योग नको. दुबईत किंवा कॅलिफोर्नियात राहून भारतातल्या बँकेचं ॲप चालवणाऱ्यांनी तर इथलं सिम रोमिंगवर एसएमएस पाठवतंय ना, हे आधी तपासावं.

पूर्वी कोणी हुशार दुकानदार रीसेटनंतरही फोटो ‘रिकव्हर’ करून द्यायचा. आताच्या फोनांत डेटा कूटबद्ध असतो आणि रीसेट करताना त्याची किल्लीच नष्ट होते. किल्ली गेली की उरतो तो निव्वळ अर्थहीन आकड्यांचा ढीग. पैसे मोजून कोणी काही परत आणून देईल या आशेवर राहू नये.

अपडेट बिघडतात, यात शंका नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ चढवल्यावर आयफोन ६ आणि ६ प्लसवाल्यांचं नेटवर्क आणि बोटाचा ठसा, दोन्ही बंद पडलं. ॲपलने ते अपडेट तासाभरात मागे घेतलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ आल्यावर ज्या पिक्सेल फोनांवर एकाहून अधिक वापरकर्ते नोंदवलेले होते, त्यांतल्या काहींना स्वतःचीच साठवण उघडेना, तर काही फोन सारखे आपोआप बंद-चालू होत राहिले. पहिल्या प्रकरणात आधी रीसेट केल्याने काही फरक पडला नसता. दुसऱ्यात ज्यांच्याकडे फोनबाहेर प्रत होती ते वाचले. दोन्हीकडे आणखी एक शहाणपण कामाला आलं असतं : अपडेट पहिल्या दिवशी न घेता आठ-पंधरा दिवस थांबणं.

अपडेटनंतरचे पहिले दोन-तीन दिवसही असेच फसवे. फोन गरम होतो, बॅटरी दुपारीच मान टाकते, आणि माणूस रीसेटच्या बटणाकडे वळतो. त्या दिवसांत आत काम चालू असतं. अँड्रॉइड ५ वर मोठं अपडेट झालं की “इतक्यांपैकी इतकी ॲप्स ऑप्टिमाइझ होत आहेत” असं मोजत बसावं लागे. अँड्रॉइड ७ पासून ते काम बरंचसं मागे ढकललं गेलं आणि फोन चार्जिंगला, नुसता पडून असताना होतं. आयफोन फोटोंची आणि शोधाची सूची नव्याने लावत बसतो, आणि मोठ्या अपडेटनंतर बॅटरीवर तात्पुरता ताण येतो हे ॲपलही सांगते. दोन-तीन रात्री फोन चार्जरला लावून झोपा. त्यानंतरही त्रास राहिला तर सगळी ॲप्स अपडेट करा, सेफ मोडमध्ये सुरू करून पाहा (तिथे नीट चालला तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या ॲपचा), नेटवर्कची तक्रार असेल तर फक्त नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा. फॅक्टरी रीसेटचा क्रमांक या सगळ्यानंतर, प्रत हाताशी असताना.

एका तक्रारीवर मात्र रीसेट आधी करा, नंतर करा, काही उपयोग नाही. २०१७ च्या जानेवारीत आयओएस १०.२.१ आलं आणि पुढे कित्येकांचे आयफोन ६ आणि ६एस मंदावले. लोकांनी फोन पुसून पाहिले, मंद ते मंदच. डिसेंबरात एका वापरकर्त्याने दाखवलं की नवी बॅटरी घातल्यावर त्याचा फोन पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालतो, आणि काही दिवसांत ॲपलने मान्य केलं की जुनी बॅटरी अचानक दम तोडू नये म्हणून ते अपडेट प्रोसेसरला आवर घालत होतं. त्यांनी माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि बॅटरीची तब्येत दाखवणारा पडदा आयफोनमध्ये आला. तो कसा वाचायचा आणि अँड्रॉइडवर त्याच्या जागी काय बघायचं, ते पुढच्या आठवड्यात.