मनालीला कशाला? नांदगावला उतरा!

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे एचआरचा मेल येतो, उरलेल्या सुट्ट्या एकतीस तारखेच्या आत संपवा, नाहीतर बुडाल्या. आणि दुसरी म्हणजे कुणीतरी मनालीला जाऊन येतं. मग आठवडाभर लंच टेबलावर त्याचेच फोटो. भाड्याचे गमबूट, भाड्याचा फरचा कोट, हातात बर्फाचा गोळा आणि मागे तस्सेच कोट घातलेली आणखी दोनशे माणसं! आपण म्हणतो, ‘वॉव, सही!’ आणि मनातल्या मनात ईएमआयचा हिशेब मांडतो.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मान्य. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या जेट्टीवर एखाद्या पहाटे दव गोठलं की दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो झळकतो, एवढंच आपलं बर्फाचं कौतुक. पण थंडी? थंडी आहे की बॉस! फक्त ती आपल्या काचेच्या इमारतींत शिरत नाही. बारा महिने चोवीस अंशांवर सेट केलेल्या एसीत बसलं की हिवाळा आला कधी आणि गेला कधी, पत्ताच लागत नाही. मला लागतो, कारण माझं आजोळ नांदगाव तालुक्यात आहे.

नांदगाव म्हणजे नाशिक जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. मनमाड याच तालुक्यात. नांदगावच्या पुढे चाळीसगाव आलं की खानदेश सुरू. मुंबई-भुसावळ लाइनवरचं हे स्टेशन आज कुणाच्या ट्रॅव्हल लिस्टवर नसतं, पण एके काळी ते चांगलंच मिरवायचं. १९००च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे निजामाची रेल्वे धावू लागली. त्याआधी वेरूळची लेणी पाहायला निघालेले पाहुणे नांदगावला उतरत आणि पुढे टांग्याने जात. म्हणजे माझ्या आजोळचं स्टेशन साहेबांच्या हिवाळी टुरिझमचं गेटवे होतं म्हणा ना! हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग आता निदान तू तरी उतरत जा.”

तर गेल्या डिसेंबरच्या शेवटी, बुडणाऱ्या चार सुट्ट्या घेऊन मी उतरले. पहाटे साडेचार. डब्याचं दार उघडलं आणि गार वारा असा तोंडावर आपटला की डोळ्यांतून पाणीच आलं. (गारठ्यामुळे! इमोशनल वगैरे काही नाही.) माझं जॅकेट मॉलमधलं, दिसायला एकदम स्टायलिश. मामांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि काहीही न बोलता स्वतःची घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. त्यानंतर चार दिवस ते जॅकेट खुंटीवरच होतं.

ही थंडी येते कुठून, याचा फंडा मजेशीर आहे. हिमालयात बर्फ पडून गेला की उत्तरेचे कोरडे गार वारे खाली सरकतात आणि खानदेश-नाशिक त्यांच्या वाटेवरच लागतं. म्हणजे बर्फ मनालीत, बिल नांदगावात! त्यात आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच भराभर थंड होते. त्यामुळे दुपारी अंगात टी-शर्ट आणि रात्री दोन गोधड्या, असा प्रकार. शेजारचं निफाड तर यासाठी फेमसच आहे. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा हिवाळ्यात रोज पेपरात येतो. डिसेंबर २०१८च्या अखेरीस तर तो २ अंशांच्याही खाली घसरला होता. आमच्या मामी हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारतात, “आज निफाड किती?”

आता या थंडीत करायचं काय? खरं सांगू, काहीच नाही. तीच तर मजा आहे. सकाळी जाग येते ती तांब्याच्या बंबातल्या धुराच्या वासाने. नाकाचा शेंडा गार आणि गोधडीच्या आत ऊब. उठायचं की नाही, या विषयावर स्वतःशीच अर्धा तास मीटिंग घ्यायची. बाहेर अंगणात शेकोटी पेटलेली असते. तुराट्या आणि पऱ्हाट्या भसाभस जळतात, म्हणून कुणीतरी सारखं टाकत राहावं लागतं. तिथे बसायचा एक अलिखित नियम आहे, धूर ज्याच्याकडे जाईल त्याने कुरकुर करायची नाही, गप्प जागा बदलायची. समोरून भाजून निघतं, पाठ गारच. मग फिरून बसायचं. पापड भाजतात ना, तसं!

खोबरेल तेलाची बाटली दगड झालेली. ती बंबाशेजारी ठेवायची आणि पातळ होईपर्यंत वाट बघायची. पुण्यात मी लिफ्टसाठी दीड मिनिट थांबले तरी मोबाइल काढते. इथे तेल वितळायची वाट बघताना वीस मिनिटं आरामात गेली. ओठ फुटले तर लिप बाम नाही, सायीचं बोट. टाचांना आमसुलाचं तेल.

आणि खाणं! डाएटवाल्यांनी हा पॅरा सोडून पुढे जावं. निखाऱ्यावर भाजलेल्या हिरव्या वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची पात, मिरची आणि लसूण. सोबत कळण्याची नाहीतर बाजरीची भाकरी, तव्यावरून थेट ताटात. शेतातून उपटून आणलेला हरभरा तसाच जाळावर धरायचा, काळे पडलेले घाटे राखेतून वेचायचे आणि फुंकर मारून खायचे. याला हुळा म्हणतात. खाऊन झाल्यावर सगळ्यांची तोंडं आणि बोटं काळी. त्या अवस्थेतला फोटो मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मनालीच्या फोटोंपेक्षा जास्त लाइक्स मिळाले, सांगून ठेवते.

जरा हातपाय हलवायचे असतील तर मनमाडजवळ अंकाई-टंकाईची जोडी आहे. पहाटे चढायला सुरुवात करा, दरवाजे ओलांडून माथ्यावर पोहोचेपर्यंत घोंगडी कमरेला बांधायची वेळ येते. वाटेत जैन लेणी, वर अगस्ती ऋषींचं स्थान आणि समोर हडबीची शेंडी, म्हणजे जमिनीतून वर काढलेला भलामोठा अंगठा. जानेवारीत जमलं तर शेजारच्या येवल्याची संक्रांत चुकवू नका. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं, हातात आसारी घेऊन. (नायलॉन मांजा मात्र अजिबात नको, तो २०१७ पासून बॅन आहे आणि त्याला कारणही तसंच आहे.)

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या रात्रीबद्दल.

जेवणं झाली आणि मामांनी मोबाइलवर एक वाजताचा गजर लावला. मी विचारलं, “एवढ्या रात्री कुठे?” तर म्हणाले, “लाइट या आठवड्यात रात्रीची हाय.” शेतीपंपांची वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हे मला ऐकून माहीत होतं. वीज रात्री आली तर पाणीही रात्रीच भरायचं, हा त्याचा पुढचा भाग मी कधी डोक्यात आणलाच नव्हता. कांद्याची लागवड होऊन दोन आठवडे झाले होते. पाणी चुकवून चालणार नव्हतं.

मी म्हटलं, “मामा, मी पण येते.” मामी उखडल्याच. “तुम्हाला काही कळतं का? एवढ्या गारठ्यात पोरीला कुठं नेता? बिबट्या फिरतोय म्हणतात तिकडं!” मामा म्हणाले, “तिला थंडीच पाहायचीय ना? मग खरी पाहू दे.”

कानटोपी, घोंगडी, गमबूट (भाड्याचे नाहीत!), एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. आभाळात इतके तारे की पुण्यात ते राहतात कुठे, असा प्रश्न पडावा. सुरुवातीला मला हे एकदम ॲडव्हेंचर वाटत होतं. विहिरीवर पोहोचलो, मामांनी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, मोटर घरघरली आणि पाइपातून पाणी धबाधबा पाटात पडायला लागलं. पाण्यातून चक्क वाफा निघत होत्या! मी घाबरत पाय घातला, तर पाणी कोमट. खोल जमिनीचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, त्यामुळे विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार लागतं आणि थंडीत ऊन. निफाडकडचे द्राक्षवाले थंडीच्या लाटेत मणी तडकू नयेत म्हणून बागेला मुद्दाम विहिरीचं पाणी सोडतात आणि पहाटे धूर करतात, ते याच हिशेबाने. मला वाटलं, अरे, हे तर फुकटचं हॉट स्प्रिंग!

पाय बाहेर काढला आणि कळलं. ओल्या पायावरून वारा गेला की सुया टोचल्यासारखं होतं. परत पाण्यात, परत बाहेर. दारं धरणं म्हणजे काय, ते तेव्हा समजलं. एका वाफ्यात पाणी भरत आलं की फावड्याने मातीचं दार बांधायचं आणि पुढच्याचं फोडायचं. एक वाफा पाच-सात मिनिटांत भरतो. म्हणजे बसायला सवड नाही, झोपायचा तर प्रश्नच नाही. विसाव्या वाफ्यानंतर मी मोजणं सोडून दिलं. तेवढ्यात बांधावर दोन डोळे चमकले आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. मामांनी बॅटरी मारली. शेजाऱ्यांचं कुत्रं! ते शेपूट हलवत आलं आणि आमच्याबरोबर उजाडेपर्यंत थांबलं.

तीनच्या सुमारास लाइट गेली. मोटर बंद, अचानक शांतता. आम्ही बांधावर चार काटक्या पेटवून बसलो. परत कधी येईल, कुणास ठाऊक. घरी जावं तर पाठीमागे येईल, थांबावं तर गारठा. मोटरीला ऑटो आहे, पण मोटर आपोआप चालू झाली तरी दार कोण फोडणार? मी मामांना म्हटलं, “आमच्याकडे पण नाइट शिफ्ट असते. अमेरिकेच्या क्लायंटसाठी.” त्यांनी विचारलं, “मग काय काय मिळतं?” मी सांगितलं, घरापासून कॅब, रात्रीचं जेवण, मशीनची कॉफी, वर नाइट अलाउन्स. ते खूप वेळ हसले. हसता हसता खोकला लागला आणि तो काही थांबेना. तेव्हा मला आठवलं की हा खोकला मी फोनवर दिवाळीपासून ऐकते आहे. मामा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. माझा मामेभाऊ चाकणला कंपनीत आहे, त्याचीही शिफ्टच.

“दिवसाची लाइट मिळेल म्हणतात,” मामा म्हणाले. तशी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. हेतू हाच, की शेतीला दिवसा वीज द्यायची. गावात दोघातिघांकडे सौर पंप बसलेत. त्यांच्याबद्दल मामा जे बोलले त्यात पैशांचा विषयच नव्हता. “तो आता रात्री झोपतो,” एवढंच म्हणाले.

सव्वाचारला लाइट आली. सहा वाजता शेवटचं दार बांधलं.

घरी मामींनी चहा पुढे केला. आलं आणि गवती चहा, ग्लास दोन्ही हातांत धरावा असा. मी अजून मनालीचंच काहीतरी बोलत होते, तर त्या म्हणाल्या, “बर्फ पाहिलाय आम्ही.” त्यांचं माहेर निफाडकडचं. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि मग २६ नोव्हेंबर २०२३ची. शिवार पांढरंशुभ्र, घोट्यापर्यंत गारा. नाशिकचं काश्मीर झालं म्हणून लोकांनी व्हिडिओ फिरवले. मामींच्या भावाची द्राक्षबाग त्या पांढऱ्याखाली होती. मला आठवलं, तो व्हिडिओ मीही फॉरवर्ड केला होता. खाली ‘सो ब्यूटिफुल’ लिहून. ते मी मामींना अजून सांगितलेलं नाही.

तर मंडळी, जाणार असाल तर महाशिवरात्रीच्या आत जा. त्या दिवशी थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतातच. नांदगावला थांबणारी गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर मनमाडला उतरा. तिथून रेल्वेने पंचवीसेक किलोमीटर, एसटीही आहे. मनमाडला गाडीची वाट बघत ताटकळायची वेळ आलीच, तर गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. स्टायलिश जॅकेट नेऊ नका, कानटोपी न्या. कुणी शेकोटीशी बोलावलं तर लाजू नका, बसा.

मी फेब्रुवारीत परत जातेय. कांद्याला अजून पाणी आहेच. तिकीट काढण्याआधी हल्ली मी तापमान बघत नाही, मामांना फोन लावते.

“मामा, या आठवड्यात लाइट कधीची?”

“रात्रीची. का गं?”

“शुक्रवारी येते. मामेभावालाही घेऊन येते. तुम्ही झोपा.”