इल्म आणि अमल

इस्लाम धर्माचा विषय निघाला की आपण नमाज, रोजा, हज यांविषयी बोलतो. परंतु या धर्मात विद्यार्जनालाही फार मोठे स्थान आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. परंपरेनुसार महंमद पैगंबरांना हिरा गुहेत जो पहिला संदेश मिळाला त्याचा पहिला शब्दच 'इक्रा', म्हणजे 'वाच', असा आहे. विद्या मिळवणे हे प्रत्येक मुसलमानाचे कर्तव्य होय, असे हदीसमध्ये सांगितले आहे.

या विद्येला अरबीत 'इल्म' म्हणतात आणि ती आचरणात आणण्याला 'अमल'. हे शब्द आपल्याला परके नाहीत. 'तालीम' हा शब्द इल्मच्याच धातूपासून आला आहे. आणि आपण एखादी गोष्ट 'अमलात आणतो', तेव्हा तोच अमल वापरतो. आपल्या सीमाभागात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. तिथे डाव नुसते तोंडपाठ करून कोणी पैलवान होत नाही. धर्मविद्येचेही असेच आहे, हे ज्याने स्वतःच्या आयुष्यावर पारखून पाहिले, त्या इमाम गझालीची ओळख करून देण्याचा माझा हेतू आहे.

गझालीचा जन्म इ. स. १०५८ मध्ये इराणातील खोरासान प्रांतात, तूस येथे झाला. त्याच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट चरित्रकार सांगतात. शिक्षण घेऊन घरी परतताना वाटेत दरोडेखोरांनी त्याला लुटले. 'बाकी सारे घ्या, पण माझ्या टिपणवह्या परत द्या. माझी सारी विद्या त्यांत आहे,' अशी विनवणी त्याने केली. तेव्हा त्यांचा नायक हसला. वह्या नेल्या की जी जाते ती विद्या कसली, असे त्याने विचारले! गझालीने हे बोल मनाला लावून घेतले आणि पुढची तीन वर्षे ती टिपणे मुखोद्गत करण्यात घालवली.

परंतु मुखोद्गत झालेली विद्याही पुरी पडत नाही, हे त्याला पुढे कळले. १०९१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, वजीर निजाम-उल-मुल्कने त्याला बगदादच्या निजामिया विद्यालयात मुख्य अध्यापक नेमले. तीनशे विद्यार्थी त्याच्यापुढे बसत आणि त्याचा मोठा लौकिक होता. अशा वेळी त्याने स्वतःची नियत तपासली. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नव्हे, तर कीर्ती आणि मानमरातबासाठी, असे त्याला आढळले. जावे की राहावे, या घालमेलीत सहा महिने गेले. शेवटी त्याची वाचाच बसली. वर्गात शब्द फुटेना, अन्न गिळवेना. हे दुखणे अंतःकरणातले आहे, असे सांगून वैद्यांनीही हात टेकले. १०९५ मध्ये मुलाबाळांपुरते ठेवून बाकीची संपत्ती त्याने वाटून टाकली आणि बगदाद सोडले. दमास्कस, जेरुसलेम, मक्का असा प्रवास त्याने केला. दमास्कसला तो मशिदीच्या मिनारात दिवसभर एकांतात बसून राही. ही सारी हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

'इह्या उलूम-अल-दीन' हा त्याचा चाळीस प्रकरणांचा थोर ग्रंथ. त्याचे पहिले प्रकरण विद्येवरच आहे. प्रत्येकाने व्यक्तिशः शिकलीच पाहिजे अशी एक विद्या, आणि समाजातील काही जणांनी शिकली तरी सर्वांचे कर्तव्य पुरे होते अशी दुसरी, असा भेद तो सांगतो. वैद्यक आणि गणित या दुसऱ्या प्रकारात येतात. त्याची तक्रार अशी, की कित्येक गावांत मुसलमान वैद्य औषधालाही सापडत नाही, मात्र धर्मशास्त्रातील वादविवाद शिकायला झुंबड उडते. कारण काय? वैद्यकाने काजीचे पद मिळत नाही, वक्फची व्यवस्था हाती येत नाही! नोकरीकडे डोळा ठेवून अभ्यासक्रम निवडणाऱ्या आपल्या पिढीने हे वाचून क्षणभर थांबावे, असे मला वाटते.

एका शिष्याला लिहिलेल्या पत्रात त्याने हाच विचार सोप्या दृष्टान्ताने मांडला आहे. रानात एका माणसाजवळ दहा हिंदी तलवारी आहेत आणि अंगावर सिंह आला आहे. तलवार उपसून चालवल्यावाचून तो वाचेल काय? तसे, शंभर वर्षे विद्या शिकून हजार ग्रंथ जमवले, तरी अमलावाचून त्यांचा उपयोग नाही.

मग विद्येचा नाद सोडून नुसती भक्ती करावी काय? गझालीचे उत्तर नाही असेच आहे. विद्येवाचून केलेले कर्म त्याला मान्य नव्हते. ईश्वराचे भान ठेवून सावधपणे वागणे याला इस्लाममध्ये 'तक्वा' म्हणतात. योग्य काय आणि अयोग्य काय हे ठाऊकच नसेल, तर सावध राहायचे तरी कशापासून? म्हणून इल्म आधी, पण अमलाविना इल्म व्यर्थ.

गझालीने अध्यापन कायमचे सोडले नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ११०६ मध्ये तो निशापूरला पुन्हा शिकवू लागला. पूर्वी आपण मान मिळवून देणारी विद्या शिकवीत होतो, आता मान सोडायला लावणारी विद्या शिकवतो, असा फरक त्याने स्वतःच नोंदवला आहे. ११११ मध्ये तो तूस येथे निवर्तला. वर्ग तसाच, विषयही बहुधा तेच. बदलली होती ती नियत. मित्रहो, आपण कोणत्याही धर्माचे असू. वह्या मिटल्यावर आपल्या वागण्यात काय उरते, हा त्या दरोडेखोराचा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही.