रिकामा सेल म्हणजे शून्य नव्हे

स्प्रेडशीटमध्ये आडवी ओळ आणि उभा स्तंभ जेथे एकमेकांना छेदतात त्या चौकोनाला सेल म्हणतात आणि त्यात काहीही दिसत नसेल तर तो रिकामा आहे असे पाहणारा सहज गृहीत धरतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र न दिसणे आणि नसणे या दोन भिन्न अवस्था आहेत. एखाद्या चाचणीत तीन विद्यार्थ्यांना 60, 80 आणि 40 गुण मिळाले व चौथा गैरहजर असल्याने त्याचा सेल कोरा राहिला, तर परीक्षा दिलेल्यांची सरासरी 60 येते. पण कोऱ्या सेलला शून्य मानल्यास ती 45 वर घसरते, आणि उत्तर चुकल्याची कोणतीही खूण पत्रकावर उमटत नाही.

एक्सेलमधील सरासरीचे सूत्र कोरे सेल आपणहून वगळते. मॅक्रो, म्हणजे वारंवार करावी लागणारी कामे आपोआप पार पाडणारा छोटा प्रोग्राम, लिहिताना मात्र ही दक्षता लिहिणाऱ्यालाच घ्यावी लागते. 1993 पासून एक्सेलमध्ये मॅक्रोंसाठी वापरल्या जाणाऱ्या व्हीबीए या भाषेत कोऱ्या सेलचे मूल्य ‘एम्प्टी’ असते आणि तुलनेच्या वेळी ते समोरच्या मूल्याप्रमाणे रूप बदलते: संख्येसमोर ते शून्य ठरते, तर मजकुरासमोर एकही अक्षर नसलेला मजकूर. त्यामुळे ‘मूल्य शून्य आहे का?’ या प्रश्नाला कोरा सेलही होकार देतो. इतकेच नव्हे, तर मूल्य संख्या आहे का हे तपासणारे ‘इझन्यूमेरिक’ हे फंक्शनही त्याला संख्या मानते.

यावर ‘इझएम्प्टी’ हे फंक्शन उपयोगी पडते, कारण सेलमध्ये खरोखर काहीच नसेल तरच ते होकार देते. परंतु अट पूर्ण न झाल्यास काहीही न दाखवणारे सूत्र सेलमध्ये असेल, तर तो डोळ्यांना कोरा दिसूनही इझएम्प्टीच्या लेखी भरलेला असतो. अशा सेलला ‘काउंटए’ हे फंक्शन भरलेल्यांत मोजते, तर ‘काउंटब्लँक’ रिकाम्यांत. दिसणारा मजकूरच महत्त्वाचा असेल, तर ‘ट्रिम’ने कडेच्या मोकळ्या जागा काढून उरलेल्या अक्षरांची संख्या शून्य आहे का हे पाहावे, मात्र संकेतस्थळांवरून उतरवलेल्या माहितीत अनेकदा येणारी, 160 या संकेतांकाची अखंड मोकळी जागा ट्रिमला हटवता येत नाही, म्हणून ती आधी बदलून घ्यावी लागते. सेलमध्ये त्रुटिमूल्य असल्यास त्याची मजकुराशी तुलना करताच मॅक्रो थांबतो, म्हणून ‘इझएरर’ची तपासणी सर्वांत आधी हवी.

अनेक सेलांच्या पट्ट्यावर इझएम्प्टी वापरल्यास सगळे सेल कोरे असले तरी उत्तर नकारार्थीच मिळते, कारण त्याच्यापुढे एक मूल्य नसून मूल्यांचा संच असतो; तेथे काउंटएचे उत्तर शून्य आहे का हे पाहणे योग्य. कोरे सेल एकत्र निवडणारी ‘स्पेशलसेल्स’ ही सोय वेगवान असली, तरी एकही कोरा सेल न सापडल्यास ती 1004 क्रमांकाची त्रुटी देते, आणि त्या शक्यतेची तरतूद आधीच करावी लागते.

यांपैकी कोणतीही एक तपासणी सर्वत्र योग्य ठरत नाही. नोंद झालीच नाही, मजकूर दिसत नाही आणि मूल्य शून्य आहे या तीन स्वतंत्र वस्तुस्थिती असून, त्यांपैकी नेमकी कोणती शोधायची हे मॅक्रो लिहिण्यापूर्वी ठरवणे आणि प्रोग्राममध्ये स्पष्टपणे नोंदवणे हाच हिशेबाच्या विश्वासार्हतेचा पाया आहे.