पंगस माशातले जिवाणूजन्य रोग: औषधाआधी पाणी आणि खाद्याची वही बघा



मत्स्यपालनाच्या व्हिडिओत आपण तळं, बीज, खाद्य आणि अनुदान हे सगळं बघितलं. आज त्या विषयावर बोलू, जो प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा एका ओळीत संपतो: रोग. आपण पंगस माशाचंच उदाहरण घेऊ. आपल्याकडे शेततळ्यात, टाकीत आणि धरणातल्या पिंजऱ्यात हा मासा वाढवतात. (कॅटफिश म्हटलं की काही जणांना थाई मांगूर आठवतो. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, तो विचार सोडून द्या.)

आधी हिशोब

समजा, काढणीला ५,००० मासे आहेत, प्रत्येकी ६०० ग्रॅमचे. म्हणजे ३,००० किलो माल. ९० रुपये भाव धरला तर २,७०,००० रुपये. एक किलो माशाला दीड किलो खाद्य धरलं, तर ४,५०० किलो खाद्य लागलं. ४५ रुपये दराने २,०२,५०० रुपये. बीज १५,०००, वीज-मजुरी-चुना ३०,०००. हातात उरले २२,५००.

आता काढणीच्या तोंडावर दहातला एक मासा मेला. ३०० किलो माल गेला, म्हणजे २७,००० रुपये. झाला ना धंदा तोट्यात? तुमच्या गावचे दर वेगळे असतील, पण गणित हेच. मोठा झालेला मासा मरतो तेव्हा त्याने खाल्लेलं सगळं खाद्यही त्याच्यासोबत जातं.

रोग येतो कुठून?

बाहेरून येतोच असं नाही. एरोमोनास नावाचा जिवाणू गोड्या पाण्यात एरवीही असतो. मासा तंदुरुस्त असेल तर तो काही करू शकत नाही. गर्दी, सडलेलं खाद्य, वाढलेला अमोनिया, जाळ्याने झालेल्या जखमा, अचानक पडलेली थंडी, यातलं काही झालं की माशाची ताकद कमी होते आणि जिवाणूला वाट मिळते.

इथे पंगस आपल्याला फसवतो. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. त्यामुळे रोहू-कटला ज्या पाण्यात मरतील, त्या पाण्यात पंगस जिवंत दिसतो. आपल्याला वाटतं, "पाणी चालतंय की!" प्रत्यक्षात मासा ताणाखाली असतो. जिवंत असणं आणि निरोगी असणं यात फरक आहे.

ओळखायचं कसं?

- एरोमोनास: पंखांच्या मुळाशी आणि गुदद्वाराजवळ लाली, अंगावर जखमा, फुगलेलं पोट, कधी बाहेर आलेले डोळे.
- कॉलमनॅरिस: कल्ले पिवळट-तपकिरी होऊन सडतात, अंगावर फिकट चट्टे, पंख झिजलेले.
- एडवर्डसिएला इक्टालुरी: बाहेरून फारसं काही दिसत नाही. पोट उघडलं की यकृत, मूत्रपिंड, प्लीहा यांच्यावर पांढरे ठिपके. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातल्या पंगसपालकांचं या रोगाने मोठं नुकसान केलं आहे.

लक्षणं एकमेकांत मिसळतात. म्हणून नुसतं बघून नाव ठरवू नका, तपासणी करा.

औषधी खाद्य उशिरा का पडतं?

दुकानदार म्हणतो, "हे अँटिबायोटिक खाद्यात मिसळा." पण आजारी मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो. मग औषध खातो कोण? जो अजून बरा आहे तो. शिवाय अर्धवट मात्रेमुळे जिवाणू त्या औषधाला सरावतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं तर मत्स्यपालनात बंदच आहेत. अंश सापडला तर माल नाकारला जातो.

अमेरिकेत मिसिसिपी, अलाबामा भागात कॅटफिशची मोठी शेती आहे. तिथे एडवर्डसिएलाची साथ पाणी साधारण २२ ते २८ अंशांवर असताना जोर धरते. तिथले शेतकरी अशा वेळी खाद्य थांबवतात किंवा दिवसाआड देतात. खाद्य कमी केलं की पाणी सुधारतं आणि पसरणंही कमी होतं.

मग तुम्ही काय करायचं?

१. रोज खाद्याची वही लिहा. टाकलं किती, उरलं किती. सलग दोन दिवस मासे कमी खात असतील तर तोच पहिला इशारा समजा. मेलेला मासा तरंगायच्या आधी वही बोलते.

२. त्याच दिवशी खाद्य थांबवा. पीएच आणि अमोनिया तपासा, शक्य तितकं पाणी बदला, एरेटर चालू ठेवा.

३. घाईने चुना टाकू नका. अमोनिया जास्त असताना चुन्याने पीएच वाढला, तर तो अमोनिया आणखी विषारी होतो.

४. मेलेले मासे रोज काढा आणि तळ्यापासून लांब, चुना टाकून पुरा. एका तळ्याचं जाळं दुसऱ्यात वापरू नका.

५. तपासणीला जिवंत पण आजारी मासा द्या. कुजलेल्या माशातून काही कळत नाही. कोणतं औषध लागू पडेल तेही प्रयोगशाळेत ठरवून घ्या. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. केंद्र सरकारचं २०२३ मध्ये आलेलं 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल ॲपही आहे.

६. नवीन बोटुकली थेट तळ्यात सोडू नका. दोन आठवडे वेगळी ठेवून बघा.

शेवटी एकच सांगतो

अनुदान मिळालं म्हणून टाकीत जास्त मासे कोंबू नका. अनुदान एकदाच मिळतं, गर्दीचा खर्च मात्र प्रत्येक बॅचला भरावा लागतो. पहिल्या बॅचला मासे कमी ठेवा, वही पूर्ण भरा आणि दुसऱ्या बॅचला त्या आकड्यांवरून वाढवा.

आजच एक शंभर पानी वही आणा. तारीख, खाद्य, उरलेलं खाद्य, मेलेले मासे, पीएच, अमोनिया, असे सहा रकाने आखा. तळं खोदायच्या आधी हे काम झालं तरी चालेल. भेटूया पुढच्या व्हिडिओत!