नऊ वाजताची मुलाखत

आम्हां अंबरनाथ-बदलापूरकरांना आपले घड्याळ मुंबईकरांपेक्षा दोन-तीन तास पुढेच लावून ठेवावे लागते. बोरीबंदरपासून अंबरनाथ ६० किलोमीटर आणि बदलापूर ६८. मुंबईतल्या एखाद्या कचेरीने पत्रात 'सकाळी नऊ वाजता' असे लिहिले, की आमच्याकडे त्याचा अर्थ 'पहाटे पाचला चूल पेटवा' असा होतो. उल्हासनगरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवताना मी दर जूनमध्ये हा हिशेब वर्गाला हसत हसत समजावून देत असे. २०१९ च्या जुलैनंतर मात्र त्यातले हसणे संपले.

माझ्या वर्गात बदलापूरची एक मुलगी होती. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला. आई उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांकडून जीन्सचे कापड आणून घरी शिवणारी. घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. बी. ए. झाल्यावर तिने मुंबईतल्या एका नामांकित संस्थेकडे पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. तरी लेखी परीक्षेत ती निवडली गेली आणि मुलाखतीचे पत्र आले. शनिवार, २७ जुलै, सकाळी नऊ. खाली एक ओळ होती : उशिरा येणाऱ्यांचा विचार केला जाणार नाही.

शुक्रवारी रात्री पावसाने जे रूप धरले ते आमच्या भागात अजून कोणी विसरलेले नाही. उल्हास नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातल्या हजारभर प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यासाठी होड्या आणाव्या लागल्या. कल्याण-कर्जत गाड्या बंद. इस्त्री केलेला पोशाख आणि प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन ही मुलगी पहाटेपासून दारात उभी होती, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होते.

रविवारी संध्याकाळी तिचा मला फोन आला. "सर, माझी मुलाखत चुकली," एवढेच ती म्हणाली. मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडालो होतो. म्हणालो, "अगं, पावसापुढे कोणाचे काय चालणार! पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. मंगळवारी कॉलेजात ये, बोलू."

मंगळवारी ती आली. तोपर्यंत माझ्याही डोक्यात थोडा उजेड पडला होता. मी विचारले, "तू संस्थेला कळवलेस का?" ती म्हणाली, "नाही सर. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं ना! आणि बाबा म्हणाले, मोठ्या लोकांना कशाला त्रास द्यायचा."

मी तेथूनच फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "अहो, पावसात अडकलेल्या तिघांचे शनिवारीच फोन आले होते. त्यांना आम्ही काल बोलावून घेतले. मुलाखती काल संध्याकाळी संपल्या, यादी लागली. तुम्ही रविवारी जरी कळवले असते…"

रविवारी! तिने फोन केला होता तोही रविवारीच. फक्त तो माझ्याकडे आला होता.

मी रिसीव्हर ठेवला. तिने काही विचारले नाही. माझ्या तोंडावरूनच ती काय ते समजली. "असू दे सर," असे तिनेच मला म्हटले.

त्या तिघांबद्दल मी पुढे पुष्कळ विचार केला. ती मुले हिच्याहून हुशार असतील असे मला वाटत नाही. पण छापलेल्या नियमामागेही माणूस बसलेला असतो आणि त्याला विचारता येते, हे सांगणारे कोणीतरी त्यांच्या घरी असावे. आमच्या मुलीच्या घरी ते सांगणारा कोणी नव्हता. ते काम माझे होते.

डॉ. आंबेडकरांची गोष्ट पाहा. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पण चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

अलीकडच्या दोन हकिकती तर वृत्तपत्रांतून गाजल्या. २०२१ साली पवईच्या आय.आय.टी.त जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याचे पैसे कार्डाच्या बिघाडामुळे वेळेत भरले गेले नाहीत. तो उसने पैसे घेऊन खरगपूरला धावला, मुंबईच्या उच्च न्यायालयात हरला, तरी थांबला नाही. २२ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ४८ तासांत त्याला जागा देण्याचा हुकूम केला. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाची धनबादच्या आय.आय.टी.तील जागा १७,५०० रुपये २४ जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत न भरल्याने गेली. त्यालाही ३० सप्टेंबरला न्यायालयाने ती परत दिली.

याचा अर्थ मुदतीला किंमत नाही असा कोणी घेऊ नये. हजारोंचे प्रवेश मुदतीवाचून होणार नाहीत, आणि चुकलेल्या प्रत्येकाला काही न्यायालय तारत नाही. शेवटची तारीख ही आपली नव्हेच, असे समजून चार दिवस आधी काम उरकावे. मुलाखत सकाळची असेल आणि पावसाळा असेल, तर आदल्या रात्री दादर-परळच्या एखाद्या नातेवाइकाकडे मुक्कामाला जावे. आपल्याकडे आत्या-मावश्या कशासाठी असतात? आणि एवढे करूनही चुकलेच, तर त्याच दिवशी कळवावे : काय झाले, केव्हा झाले, काय हवे. चार ओळी पुरतात. रडगाणे नको, आणि संकोच तर मुळीच नको.

त्या मुलीने पुढे दुसऱ्या महाविद्यालयातून एम. ए. केले. आज ती अंबरनाथच्या एका शाळेत शिकवते. जे हुकले ते हुकलेच. त्याची भरपाई झाली असे मी म्हणणार नाही.

गेल्या जूनमध्ये ती धाकट्या भावाला घेऊन माझ्याकडे आली. कोठल्याशा अर्जावर माझी सही हवी होती. मी सवयीने म्हणालो, "ठेवून जा, उद्या करून ठेवतो."

"नको सर," ती हसून म्हणाली आणि पेन माझ्यापुढे धरले. "शेवटची तारीख तीस आहे. आज पंचवीस. आजच करा."

मी सही केली.